काशीदचा गोली

रेवदंड्यात राहायला गेले त्या पहिल्याच रविवारी माझ्या ओल्या टॉवेलमुळे मुरुडचा हॉकी संघ हरला. हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की मी अंगणातल्या दोरीवर टॉवेल वाळत घातला आणि ओटीवर बसलेल्या एका दाढीवाल्या गृहस्थांनी कपाळावर हात मारला.

"गेलं! बेटा, पाच मिनिटं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

मी घाबरून टॉवेल काढायला लागले.

"राहू द्या," शेजारी बसलेले घरमालक काका शांतपणे म्हणाले. "मैदान ओलं झालं ते झालं. आता टॉवेल काढून वाळायचं नाही."

सामना सुरू व्हायच्या क्षणी अंगणातल्या दोरीवर काही ओलं असेल तर मैदान ओलं धरायचं, आणि ओल्या मैदानावर पुढच्या फळीच्या खेळाडूंची एक कवडी कमी करायची, असा काकांचा नियम होता. मैदान कुठेच नव्हतं. खेळाडूही नव्हते. ओटीवर एक चटई, तिच्यावर एक वही आणि कवड्या एवढंच होतं. त्या चटईवर काका गेली कित्येक वर्षं आठ संघांची हॉकी लीग चालवत होते.

मी तिथल्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर नोकरीला लागले होते. मूळची पनवेलची, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि स्वभाव असा की खिडकीतून पेशंटचं नाव पुकारायचं झालं तरी मी इतक्या हळू पुकारायचे की शेवटी नर्सबाई माझ्या वतीने ओरडायच्या. काकांच्या घराची वरची खोली मी घेतली ती बाहेरून वेगळा जिना होता म्हणून. येता-जाता कुणाशी बोलावं लागणार नाही असा माझा हिशोब होता. जिन्याची खालची पायरी ओटीला लागून आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

काका पोस्टातून निवृत्त झालेले. गावात त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते सगळ्यांना अहो-जाहो करत, अगदी मांजरालासुद्धा. "अहो, सरका जरा," असं मांजराला म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. खेळाडूंचा उल्लेखही तसाच मानाने. "बोर्लीचे सेंटर हाफ जरा चिडके आहेत, पण मनाने चांगले." प्रत्येक खेळाडूचं नाव, गाव, वय, लग्न झालं की नाही, खेळाशिवाय पोटापाण्याला काय करतात, हे सगळं वहीत होतं. वाढदिवसाला खेळाडूच्या नावाने कवड्या टाकायच्या. सातही पालथ्या पडल्या की तो निवृत्त. मग काका त्याला पोस्टकार्ड लिहीत. पत्ता म्हणून फक्त गावाचं नाव असे, आणि कार्ड पेटीत न टाकता ते वहीतच ठेवत.

मी एकदा धीर करून विचारलं, "काका, तुम्ही हॉकी खेळायचात?"

"कधीच नाही. स्टिकसुद्धा हातात धरलेली नाही."

"मग हॉकीच का?"

ते खरोखर विचारात पडले. "इथे सगळे क्रिकेट बघतात नाही तर कबड्डी. मग हॉकीवाल्यांना कोणी बघायचं?"

नियम साधा होता. चढाई करणाऱ्याने सात कवड्या टाकायच्या आणि तोंड वर करून पडलेल्या मोजायच्या. मग समोरच्या संघाच्या गोलीने, म्हणजे गोलरक्षकाने, टाकायच्या. त्याच्या तेवढ्याच किंवा जास्त पडल्या तर गोल अडवला, कमी पडल्या तर गोल झाला. प्रत्येक टाक वहीत लिहायची. पडलेली कवडी पुन्हा टाकायची नाही, मग भले मांजर येऊन शेपटी मारो.

रेवदंड्याच्या संघासाठी काका उजव्या हाताने कवड्या टाकत. बाकीच्या संघांसाठी डाव्या हाताने, पक्षपात नको म्हणून. मुरुडच्या कवड्या मात्र ते दाढीवाले युसूफभाई टाकत. मुरुडला त्यांचं छोटं लॉज होतं, आणि दर रविवारी सकाळच्या एसटीने ते येत. काशीदच्या कवड्या काकू टाकायच्या. काशीद त्यांचं माहेर. मी तिथे गेले तेव्हा काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती.

काकू गेल्यावर एक वर्ष लीग बंद होती. मग काकांनी ती नव्याने सुरू केली. काकूंचा कवड्यांचा बटवा कपाटात गेला, काशीदला नव्या कवड्या आल्या आणि काशीद तळाला गेलं. काकूंपर्यंतचा तो पहिला काळ, आणि नंतरचा दुसरा.

काकांनी मला आपल्यात कधी घेतलं ते मला नेमकं सांगता येतं. एका सोमवारी ते दवाखान्यात रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर खिडकीशी वाकले आणि मागच्या दहा माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, गुडघा पिरगळलाय. काय करावं?"

"तुमचा?"

"छे, आमचा कसला! बोर्लीच्या सेंटर हाफचा."

रांगेत कोणीतरी खुसखुसलं. मी मान वर न करता म्हटलं, "शेक द्यायचा. आणि दोन आठवडे पळायचं नाही."

काकांनी ते कागदावर लिहून घेतलं. बोर्लीचे सेंटर हाफ दोन रविवार बाहेर बसले. तिसऱ्या रविवारी जिन्याच्या पायरीवर माझ्यासाठी चहाचा कप ठेवलेला होता. काका म्हणाले, "तुम्ही हसला नाहीत." बस, एवढंच.

त्यानंतर मी रविवारी पायरीवर बसायला लागले. कवड्या टाकायचा आग्रह झाला तरी मी टाकत नसे. नुसती बघायची. हिराबाई कोळीण माशांची पाटी घेऊन यायच्या, त्याही पाटी खाली ठेवून टेकायच्या.

"काय वं बाय, तू बी बसलीस का या येड्यांच्या बाजाराला?"

"हिराबाई, सामना चालू आहे," काका म्हणत.

"चालू दे की. मी काय तुमच्या बॉलाच्या मध्ये उभी न्हाय. बोंबील घेनार का न्हाय ते सांगा."

दुसऱ्या वर्षी मोसमाच्या शेवटी चौलचा एक म्हातारा फुलबॅक निवृत्त झाला. सातही कवड्या पालथ्या पडल्या. काकांनी पोस्टकार्ड लिहिलं, चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "पहिल्या काळातला आता एकही माणूस मैदानात नाही. आता त्यांचा सन्मान करायला हरकत नाही."

खेळत्या माणसाचं कौतुक करायचं नाही हेही त्यांचंच एक तत्त्व होतं. कौतुकाने हात जड होतो म्हणे. म्हणून इतकी वर्षं त्यांनी कुणाला बरं म्हटलं नव्हतं. आता पहिल्या काळातले अकरा सर्वोत्तम निवडायचे, फणसाच्या फळीवर त्यांची नावं रंगवायची आणि ती ओटीवर लावायची असं ठरलं. निवड समितीत तिघं होतो, काका, युसूफभाई आणि मी. प्रत्येकाने मत द्यायचं आणि मताबरोबर कारण द्यायचं. कारण नाही तर मत बाद. जुन्या वह्या वाचून प्रत्येकाची कामगिरी काढायचं काम माझ्याकडे आलं.

मी आयुष्यात एवढं मराठी एका दमात कधी वाचलं नव्हतं. सुरुवातीला बोट ठेवून वाचावं लागे. एकोणीस वह्या होत्या. हळूहळू एक गंमत दिसायला लागली. काकांचं अक्षर सगळीकडे सारखं, पण काशीदच्या सामन्यांशेजारी समासात दुसरं एक गोल अक्षर होतं. "आज वामन छान." "वामनला सर्दी आहे, तरी खेळला." "मुरुडकरांचे तोंड बघण्यासारखे झाले." ते काकूंचं अक्षर होतं.

वामन नाखवा म्हणजे काशीदचा गोली. त्याच्यासारखा गोली सबंध लीगमध्ये झाला नव्हता. आणि मुरुडचा सेंटर फॉरवर्ड लतीफ हा युसूफभाईंचा जीव. लतीफने तीन वेळा मुरुडला फायनलला नेलं आणि तिन्ही वेळा वामनने त्याला अडवलं. लतीफला एकदाही कप मिळाला नाही. युसूफभाई हे एखाद्या घरच्या दुःखासारखं सांगत.

एक-एक करत दहा नावं ठरली. लतीफचं नाव पहिल्याच बैठकीत पक्कं झालं. काकांनी दहा नावं निळ्या रंगात रंगवली. पण फळीवरची सगळ्यात वरची ओळ, गोलीची, त्यांनी कोरी ठेवली होती. वामनचा विषय निघाला की काका म्हणायचे, "पुढच्या रविवारी बघू." असे तीन रविवार गेले. वामनशिवाय दुसरं नाव कोणाच्या मनातही नव्हतं, आणि काका ते लिहीत नव्हते. मला याचं फार कुतूहल वाटायला लागलं.

चौथ्या आठवड्यात काकांनी मला फळीवर टांगायला काकूंचा बटवा काढून दिला. "कवड्या जरा पुसून ठेवा," म्हणाले आणि बाजारात गेले.

माझं काम दिवसभर गोळ्या हातात घेऊन मोजण्याचं. बोटांना वजनाची सवय असते. सातातली एक कवडी उचलली आणि बोटं थांबली. ती जड होती. मी ती उजेडात धरली. कवडीच्या फटीत, अगदी आत, काहीतरी लाल होतं. टाचणीने खरवडून पाहिलं. लाख. पार्सलवर मोहर उठवायला वापरतात ती लाख. पोटात भरलेली, त्यामुळे पाठ जड. जमिनीवर टाकली, तोंड वर. पुन्हा टाकली, तोंड वर. दहा वेळा टाकली तर नऊ वेळा तोंड वर.

काका प्रत्येक फायनलचा निकाल पाकिटात घालून त्यावर लाखेची मोहर लावत. अर्धी उरलेली कांडी त्यांच्या टेबलावर माझ्यासमोर पडलेली होती. या घरात लाख वितळवणारा माणूस एकच होता.

मी सगळ्या कवड्या पुसून परत बटव्यात ठेवल्या. कोणाला काही बोलले नाही. न बोलणं मला जमतंच. पण वर जाऊन मी तीन फायनलची पानं उघडली आणि काशीदच्या प्रत्येक टाकेतून एक कवडी वजा करून सगळं पुन्हा मांडलं. पहिली फायनल तरीही वामनची. दुसरीही. तिसरी नाही. तिसऱ्या फायनलमध्ये शेवटच्या क्षणी लतीफच्या चार पडल्या होत्या आणि वामनच्याही चार. एक काढली की तीन. म्हणजे गोल. म्हणजे कप मुरुडचा, लतीफचा.

त्या रविवारी युसूफभाई एसटीतून उतरले तेच तावातावाने. "मास्तर, आज फैसला. वामनचं नाव का लिहीत नाही?"

"ते बसत नाहीत," काका म्हणाले.

"बसत नाहीत? माझ्या लतीफला तीनदा अडवलं त्याने! तो या यादीत नाही तर माझा लतीफ कोणाकडून हरला? कुठल्याही ऐऱ्यागैऱ्याकडून?"

"युसूफभाई, वामनराव बसत नाहीत."

"कारण द्या. नियम तुमचाच आहे."

काकांनी फळीवरच्या कोऱ्या ओळीकडे पाहिलं. खाली पायरीवर हिराबाई आमच्यासाठी कोळंबी सोलत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले. काकांनी चष्मा काढला, घातला आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचं मत?"

माझे कान गरम झाले. इतक्या बैठकांत मी फक्त आकडे वाचून दाखवले होते आणि दोघांच्या मतामागे मत दिलं होतं. लतीफचं नुकसान मला माहीत होतं आणि काकांची भीतीही आता कळत होती. एकाला न्याय द्यायचा म्हणजे दुसऱ्याला उघडं पाडायचं.

"वामन नाखवा," मी म्हटलं.

"कारण?"

"तीन फायनलपैकी दोन सहा कवड्यांवर खेळले असते तरी त्यांच्याच होत्या." माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. "मी मोजलं."

युसूफभाईंना काही कळलं नाही. काकांना कळलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग उठले, आतून बटवा आणला, चटईवर रिकामा केला, आणि न शोधता त्यातली नेमकी एक कवडी उचलून युसूफभाईंच्या तळहातावर ठेवली.

"वजन बघा."

युसूफभाईंनी कवडी खालीवर केली. फटीत पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"भाभीने?"

"मी," काका म्हणाले. "पहिली दोन वर्षं काशीद सारखं हरायचं. ती उठून जायची. तुमचं चालू दे म्हणायची, आणि आत जाऊन भांडी लावत बसायची. मग मी ही भरली. वामनराव गोली म्हणून आले, आणि ती चहाचं आधण उतरवून यायला लागली. सामना संपेपर्यंत बसायची. समासात लिहायची." त्यांनी रिकामा बटवा सरळ केला. "वामनरावांची काही चूक नाही. पण मी माझ्या हाताने त्यांचं नाव कसं लिहू?"

"आणि भाभीला माहीत नव्हतं?"

"नाही."

पायरीवरून हिराबाई म्हणाल्या, "आसं तुमाला वाटतं."

आम्ही तिघंही वळलो.

"मास्तर, मासली हातात घेतली की मला वजन कलतं. ती बाय रोज त्या कवड्या हातात घ्यायची. तिला कलनार न्हाय व्हय?" आणि पुन्हा कोळंबी सोलायला लागल्या.

 काका त्या कवडीकडे अशा नजरेने पाहत होते की जणू ती पहिल्यांदाच दिसत होती.

शेवटी युसूफभाईंनीच घसा खाकरला. "तिसरी फायनल," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "तीच ना?"

मी मान हलवली.

"मग ती पुरी करू. आत्ता."

काका लगेच नियमावर आले. त्यांना जणू सुटल्यासारखं झालं. "लतीफरावांच्या चार पडलेल्या आहेत. वामनरावांच्या सहा कवड्यांनी तीन दिलेल्या आहेत. ते झालं, ते बदलायचं नाही. फक्त सातवी टाकायची. साधी. तोंड वर पडलं तर अडवला." मग अडखळले. "पण टाकणार कोण? मी नाही टाकायची. युसूफभाईंनीही नाही."

हिराबाईंनी कोळंबीचे हात वर करून दाखवले.

काशीदच्या नव्या कवड्यांतली एक काकांनी माझ्यापुढे धरली. दीड वर्षात मी पहिल्यांदाच कवडी हातात घेतली. ती अगदी हलकी होती. दोरीवर पाहिलं, सगळं वाळलेलं होतं. मी कवडी टाकली. ती चटईवर गरगरली, काठापर्यंत गेली आणि पालथी पडली.

"गोल," काका म्हणाले.

युसूफभाई ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि बोटांच्या फटींतून म्हणाले, "जिंकला. माझा लतीफ जिंकला." मग डोळे पुसून ताठ बसले. "आता माझं मत घ्या. वामन नाखवा. कारण, मोठ्या गोलीवर गोल मारला तरच तो कप खरा. लिहा, मास्तर."

काकांनी आधी जुनी वही उघडली, तिसऱ्या फायनलचा निकाल एका रेघेने खोडला आणि शेजारी लाल शाईने सगळं लिहिलं. कवडी कोणी भरली, का भरली, सातवी कोणी टाकली. खाली सही केली, आमच्या सह्या घेतल्या. मग ब्रश घेतला. वरच्या ओळीत वामनचं नाव रंगवायला त्यांना बाकीच्या दहांइतका वेळ लागला.

फळी लावली त्या दिवशी नावं मी वाचली, मोठ्याने, आणि एकेका नावानंतर थांबून. समोर सात-आठ माणसं होती. ज्यांना वाचून दाखवायचं ती अकरा जणं कुठेच नव्हती, म्हणूनच बहुधा जमलं. हिराबाईंनी मध्येच विचारलं, "यातलं जितं कोन हाय?" काका म्हणाले, "सगळे."

पुढच्या पावसाळ्यानंतर माझी बदली अलिबागला झाली. निघताना काकांनी मला बटवा दिला. आत सातच कवड्या होत्या, पण सगळ्या हलक्या. लाखेची कवडी त्यांनी स्वतःजवळ ठेवली.

"काशीदला टाकायला कोणी नाही," ते म्हणाले. "फोनवर सांगत जा. तुम्ही सांगाल ते लिहीन."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोन येतो. ते तिकडे टाकतात, मी इकडे. "किती?" ते विचारतात. मी पडल्या तितक्या सांगते. काशीद अजून तळालाच आहे.

खरं नाही ते मी एकदाच सांगितलं. गेल्या महिन्यात काका आजारी होते. आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता, मध्येच खोकला. रेवदंडा सलग पाच सामने हरलं होतं आणि ते म्हणत होते की या मोसमानंतर थांबावं. त्या दिवशी रेवदंड्याचा सामना काशीदशीच होता. शेवटच्या चढाईत त्यांच्या चार पडल्या. मी टाकल्या. माझ्या पाच पडल्या.

"किती?"

"तीन," मी म्हटलं.

तिकडे काका एकदा खोकले.

"नीट मोजल्यात?"

"हो."

"बरं," काका म्हणाले, आणि वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "मग गोल. पुढच्या रविवारी मैदान कोरडं ठेवा."